कॉलेजचं नाव केवढ्याला पडतं? प्रतिष्ठा आणि शिष्यवृत्ती यांचा हिशोब मांडायची पद्धत

बारावीच्या मुलांना शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. दर जून-जुलैत आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या घरी संध्याकाळी दोन-चार कुटुंबं येऊन बसतात. प्रश्न एकच असतो, फक्त गाव बदलतं. "सर, पोराचा पुण्यात नंबर लागतोय. पण हितं सवलत धरून फी निम्म्यात बसतीया. काय करायचं?" मामा म्हणतो पुणंच. आजी म्हणते, डोळ्यांसमोर राहू दे. आणि वडील गप्प बसून मनातल्या मनात ऊसबिलाचा हिशोब घालत असतात.

या प्रश्नाचं तोंडी उत्तर द्यायचं मी सोडून दिलं आहे. त्याऐवजी एक फुलस्केप कागद पुढं ठेवतो आणि मुलालाच भरायला लावतो. तो कागद कसा भरायचा, ते इथं सांगतो. उदाहरणं इंजिनिअरिंगची जास्त आहेत, कारण आमच्याकडं येणाऱ्यांत तीच मुलं जास्त. पण पद्धत फार्मसी, लॉ, बीएस्सी, कशालाही चालते.

आधी बघा: शिष्यवृत्ती कुणाची?

शिष्यवृत्ती म्हटलं की सगळे पैसे एकाच पोत्यात घातले जातात. खरं तर त्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा.

पहिली सरकारी. ही मुलाच्या मागं चालते. कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, प्रवेश घेतला आणि अटी पूर्ण केल्या, की कॉलेज सांगलीचं असो, पुण्याचं असो की कसबा बावड्याचं, सवलत लागू होते. खुल्या गटातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. इतर मागासवर्गीय मुलांनाही व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी निम्मं, तर विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण मिळतं. अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी. आणि २०२४-२५ पासूनचा मोठा बदल म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास गटांतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ.

दुसरी कॉलेजची स्वतःची. ही मुलाला कॉलेजशी बांधते. "सीईटीत ९० च्या वर पर्सेंटाइल, म्हणून तुम्हाला ५० टक्के सवलत" असं रंगीत पत्र येतं, ते हे. खासगी विद्यापीठांत बहुधा हीच असते. इथं एक गोष्ट ठळक लिहून ठेवा: वरच्या राज्य सरकारी शुल्क सवलती खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना लागू नाहीत, आणि व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशालाही नाहीत. आपल्या भागात एकाच संस्थेचं कॉलेज आणि विद्यापीठ शेजारीशेजारी असू शकतं. कमान एक, बस एक, पण एका इमारतीत महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन पोर्टलचा) अर्ज चालतो आणि दुसऱ्या इमारतीत चालत नाही. प्रवेश नेमका कुणात होतोय, हे पावती फाडण्याआधी विचारायला लाजू नका.

मग फीची फोड करा

"फी एक लाख साठ हजार" हे उत्तर अपुरं आहे. त्यात शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती? सवलत शिक्षण शुल्कावर मिळते, विकास शुल्क खिशातून जातं. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. संस्थेनुसार हे आकडे त्यांच्या संकेतस्थळावर फोड करून दिलेले असतात. कॉलेजच्या माहितीपत्रकापेक्षा त्या आकड्यावर विश्वास ठेवा. वाचनालय, जिमखाना, युनिफॉर्म, "इतर" अशा नावाखाली वर काय घेतात, ते मात्र तिथं शिकणाऱ्या मुलालाच विचारावं लागतं.

आता खरा खर्च: राहणं

इथं लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा थांबतो. समजा, कागल तालुक्यातला इतर मागासवर्गीय गटातला एक मुलगा आहे, घरचं उत्पन्न ५ लाख. त्याच्यापुढं दोन कॉलेजं आहेत. आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

पुण्याचं नावाजलेलं कॉलेज: शिक्षण शुल्क १,४०,०००, विकास शुल्क २०,०००. निम्मी सवलत गेल्यावर भरायचे ९०,०००. खोली, मेस आणि येणं-जाणं मिळून वर्षाला १,२०,०००. एकूण २,१०,०००. चार वर्षांचे ८,४०,०००.

कोल्हापूरचं कॉलेज: शिक्षण शुल्क ९६,०००, विकास शुल्क १४,०००. सवलतीनंतर ६२,०००. घरून ये-जा, पास आणि डबा सोडून किरकोळ खर्च धरून १५,०००. एकूण ७७,०००. चार वर्षांचे ३,०८,०००.

फरक ५,३२,००० रुपयांचा. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचा आणि त्याच्याशेजारी लिहायचं: "पुण्याच्या नावाची किंमत." आता हा आकडा फोडून बघा. यातले ४,२०,००० फक्त राहण्या-खाण्याचे आहेत. दोन कॉलेजांच्या फीमधला फरक चार वर्षांत जेमतेम १,१२,०००.

त्याच घरची मुलगी असेल तर? तिचं शिक्षण शुल्क दोन्हीकडं माफ. पुण्यात वर्षाला १,४०,०००, इथं २९,०००. चार वर्षांचा फरक ४,४४,०००, आणि त्यातही ४,२०,००० राहण्याचेच. म्हणजे मुलीच्या बाबतीत "फी परवडत नाही" हे कारणच उरलं नाही. प्रश्न उरतो तो वसतिगृहाचा. कॉलेजच्या आवारातल्या वसतिगृहात तिला जागा मिळाली आणि खर्च वर्षाला ५०-६० हजारांवर आला, तर सगळा कागद फिरतो. तरीही "पोरगीला लांब कशाला" म्हणून चांगलं कॉलेज सोडणारी घरं मी दर वर्षी बघतो, आणि दर वर्षी मनापासून वाईट वाटतं. त्यांना मी एवढंच सांगतो: फीचं कारण सरकारनं काढून घेतलंय, आता जे कारण उरलंय ते मुलीसमोर मोकळेपणानं बोला.

कोल्हापूरला ही गोष्ट नवी नाही खरं तर. खेड्यातल्या पोराचं शिक्षण फीपेक्षा राहण्या-जेवणापायी अडतं, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखलं होतं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी राहिली. सव्वाशे वर्षांनीही आपल्या कागदावर तोच रकाना सगळ्यात जड निघतो.

म्हणून हा रकाना हलका करण्याच्या वाटा आधी शोधा. कॉलेजचं वसतिगृह, सरकारी वसतिगृह, समाजाची बोर्डिंगं. शिवाय राज्याच्या निर्वाह भत्त्याच्या योजना: अनुसूचित जातींसाठी स्वाधार, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. स्वाधार आणि आधारमध्ये पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात, पण सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना, तेही ठरावीक संख्येत आणि गुणवत्तेनं. या दोन्हींची उत्पन्नमर्यादा अडीच लाख, म्हणून वरच्या ५ लाख उत्पन्नाच्या मुलाला हे बसत नाहीत. पण उत्पन्न मर्यादेत असलेल्या, बाकी तोच हिशोब असलेल्या मुलाला हे साठ हजार मिळाले तर फरक ५,३२,००० वरून २,९२,००० वर येतो. मात्र हा आकडा कागदावर पेन्सिलीनं लिहा. मंजुरी आल्यावरच पेनानं.

पैसे किती, यासोबत पैसे कधी

फी जुलै-ऑगस्टमध्ये भरायची असते. ऊस तुटतो नोव्हेंबरनंतर आणि बिल त्यापुढं येतं. महाडीबीटीची रक्कम हप्त्यांनी येते, तीही बहुतेक वेळा शैक्षणिक वर्ष बरंच पुढं गेल्यावर. या मधल्या काळात घर कशावर चालणार? पात्र विद्यार्थ्याकडून सवलतीचा भाग आधी वसूल करू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. काही कॉलेजं तरीही पूर्ण रक्कम किंवा पुढच्या तारखेचा चेक मागतात. प्रवेशाआधी फी विभागात थेट विचारा: "सवलतीचा अर्ज असेल तर आज किती भरायचे?" उत्तर शक्यतो लेखी घ्या. सावकाराचे तीन महिन्यांचे पैसे अंगावर आले, तर शिष्यवृत्तीचा बराच भाग व्याजातच जातो.

कॉलेजनं दिलेल्या सवलतीचं पत्र वाचताना

हे मी स्वतःच्या घरातल्या चुकीवरून लिहितो आहे. माझ्या पुतण्याला एका खासगी विद्यापीठानं निम्म्या फीची शिष्यवृत्ती दिली. पत्र मीच वाचलं होतं आणि भावाला "घे" म्हणालो होतो. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की दर वर्षी सरासरी ८ ग्रेड पॉइंट ठेवावे लागतील. पहिल्या वर्षी गणितानं दगा दिला, त्याला ७.६ पडले. दुसऱ्या वर्षी पूर्ण फी. भावानं गोठ्यातल्या दोन म्हशी विकल्या. पोरगं हुशार होतं आणि आजही आहे. चूक त्याची नव्हती, न विचारलेल्या प्रश्नांची होती. ते प्रश्न असे:

सवलत किती वर्षांची, पहिल्याच वर्षाची की सगळ्या? टिकवायला किती गुण लागतात, आणि गेल्या वर्षी ती मिळालेल्या मुलांपैकी दुसऱ्या वर्षी किती जणांची टिकली? एकदा गेली तर पुढच्या सत्रात गुण वाढल्यावर परत मिळते का? सवलत शिक्षण शुल्कावर की एकूण रकमेवर? दर वर्षी फी किती टक्क्यांनी वाढते, आणि सवलतीचा आकडा त्याबरोबर वाढतो की तेवढाच राहतो? मध्येच प्रवेश रद्द केला तर सवलतीची रक्कम परत मागतात का?

मग हिशोब दोनदा करा. समजा फी ३,५०,०००, सवलत निम्मी, राहणं १,२०,०००. चारही वर्षं टिकली तर ११,८०,०००. पहिल्या वर्षानंतर गेली तर १७,०५,०००. घर दुसरा आकडा पेलू शकत असेल तरच पहिल्याचा विचार करा.

एवढ्या पैशांत नाव काय देतं?

आता कागदाची दुसरी बाजू. नावाला किंमत नाही, असं मी म्हणणार नाही. मोठ्या कॉलेजात शेजारच्या बाकावर बसणारी मुलं तयारीची असतात, कंपन्या दारात येतात, माजी विद्यार्थी हाक मारली तर ओळख देतात. पण हे सगळ्या क्षेत्रांत सारखं नसतं.

वकिलीत राष्ट्रीय विधी विद्यापीठ, व्यवस्थापनात वरच्या फळीची संस्था: इथं नावाला वजन आहे, कारण बड्या फर्म आणि कंपन्या मोजक्याच आवारांत पाऊल ठेवतात. कॉम्प्युटर शाखेतही पहिल्या नोकरीपुरता फरक पडतो. उलट एमबीबीएसनंतर पुढचा प्रवेश नीट-पीजीच्या गुणांवर आहे. तिथं सरकारी कॉलेज सोडून महागडं खासगी नाव घेण्याला मला तरी कारण दिसत नाही. सीए, एमपीएससी, यूपीएससी, गेट या परीक्षांत कॉलेजच्या नावाला गुण नाहीत. ज्या मुलाचं पदवीनंतर स्पर्धा परीक्षाच करायची हे पक्कं आहे, त्यानं पदवीवर पाच लाख जास्त घालण्यापेक्षा ते पुढच्या दोन वर्षांसाठी राखावेत. आणि काही शाखांचं नाव शहराशी जोडलेलं असतं. टेक्स्टाइल करायचं असेल तर इचलकरंजीचं डीकेटीई हेच नाव आहे, त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. मेकॅनिकलच्या मुलाला ओतकाम बघायचं असेल तर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्री दारात आहेत.

सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत तर हा पेचच नसतो. इंजिनिअरिंगचंच बघा: पुण्याचं सीओईपी १८५४ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं. नाव आणि सवलत दोन्ही एकत्र मिळतात. वालचंद कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर. गुण तिथवर पोचत असतील तर आधी तिकडं बघा.

एक अभ्यास मला या बाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, ज्यांनी सारख्याच कॉलेजांना अर्ज केले होते आणि ज्यांना सारख्याच कॉलेजांनी स्वीकारलं होतं, अशा विद्यार्थ्यांची तुलना केली. अधिक निवडक कॉलेजात गेलेल्यांची पुढची कमाई सरासरीनं फारशी वेगळी निघाली नाही. पण गरीब घरांतून आलेल्यांना निवडक कॉलेजाचा फायदा झालेला दिसला. तिथले आकडे इथं लावता येणार नाहीत, पण त्यामागचं कारण मला आमच्या मुलांत दिसतं. ज्याचा काका कंपनीत मॅनेजर आहे, त्याला ओळख घरातूनच मिळते. ज्याच्या घरात पहिलंच पोर कॉलेजला चाललंय, त्याला ती ओळख कॉलेजच मिळवून देऊ शकतं. म्हणून राधानगरीच्या वाडीवरच्या हुशार मुलीला "तुला नाव कशाला हवं, इथंच कर" असं सांगताना मी दहा वेळा विचार करतो. नावाची गरज तिलाच जास्त आहे.

नाव खरंच काही देतं का, हे तपासायचं कसं? "सर्वाधिक पॅकेज ४४ लाख" या फलकाकडं बघू नका. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना माहितीचा तक्ता भरून द्यावा लागतो. त्यात किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढं शिकायला गेली आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे असतं. मध्यक म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमानं रांगेत उभं केलं तर मधोमध येणाऱ्याचा पगार. तो बघा, आणि भागाकारही करा: साठातल्या वीस जणांनाच नोकरी लागली असेल तर मध्यक त्या विसांचा असतो, साठांचा नाही. कॉलेज नामवंत असलं तरी तुमची शाखा कशी आहे, ते वेगळं विचारा. नॅक आणि एनबीए या दोन्ही दर्जा तपासणाऱ्या संस्था, पण नॅकची श्रेणी अख्ख्या कॉलेजची असते, एनबीएची मान्यता एकेका शाखेची.

आणि एक दिवस खर्च करून जाऊन या. कार्यालयात नको, गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर. तिसऱ्या वर्षाची मुलं तिथं असतात. त्यांना विचारा: तुमच्या शाखेत यंदा नोकरी द्यायला कोणकोणत्या कंपन्या आल्या? प्रयोगशाळेत यंत्राला हात लावू देतात का? वर्षाच्या मध्येच शिक्षक बदलतात का? पोरं खोटं बोलत नाहीत.

कर्जानं फरक भरायचा असेल तर

पाच लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, सात वर्षांची फेड: हप्ता साधारण ८,३०० रुपये, एकूण परतफेड सात लाखांच्या आसपास. हे झालं परतफेड सुरू होताना पाच लाख शिल्लक असतील तर. शिक्षण चालू असताना चढलेलं व्याज त्यात मिळवलं की आकडा वाढतो. माझं साधं माप असं: आधी काढलेला मध्यक पगार महिन्यावर आणा, परगावी राहण्याचा खर्च वजा करा, आणि उरलेल्यातून हप्ता भरून आई-वडिलांना चार पैसे पाठवता येतील का ते बघा. येत नसतील तर ते नाव या घराला महाग आहे.

व्याजातही सवलती आहेत. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर केंद्राच्या योजनेत तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणकाळातलं व्याज सरकार भरतं. पीएम विद्यालक्ष्मीत, एनआयआरएफच्या आधारे निवडलेल्या संस्थांत गुणवत्तेनं प्रवेश मिळालेल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही मिळत नाही. मुलींनी एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची प्रगती शिष्यवृत्तीही विसरू नये: वर्षाला ५०,०००, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत.

घरात धाकटं भावंड असेल तर कागदावर त्याचंही नाव लिहा. थोरल्याच्या पुण्यासाठी धाकटीला दहावीनंतर घरी बसवलेली घरं मी पाहिली आहेत. ही किंमत फीच्या कुठल्याच रकान्यात येत नाही, म्हणून मुद्दाम लिहायची.

कागदावरचं पसंतीक्रमात उतरवताना

कॅप फेरीच्या अर्जात कॉलेजं पसंतीच्या क्रमानं लिहायची असतात. पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. तेव्हा "बघू, टाकून ठेवू" म्हणून न परवडणारं कॉलेज वर लिहू नका.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या ५ टक्के, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना, जात कोणतीही असो. या जागांचा कोड वेगळा असतो, शेवटी टी असतो. त्यांचा कटऑफ बहुधा त्याच शाखेच्या साध्या जागेपेक्षा वर जातो, आणि नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. त्यामुळं क्रम विणून लावायचा: आवडत्या कॉलेजची टी जागा, मग त्याच शाखेची साधी जागा परवडत असेल तर ती, मग दुसऱ्याची टी, असं. कागदावर किंमत काढलेली असेल तर हा क्रम अर्ध्या तासात लागतो.

मन बदललं तर ठरलेल्या तारखेआधी प्रवेश रद्द करता येतो, एक हजार रुपयांच्या आत कपात होऊन फी परत मिळते. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही.

आता उठून करायची कामं

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता: यातलं सगळ्यात वेळखाऊ वैधता प्रमाणपत्र. त्यासाठी निकालाची वाट बघू नका, अकरावीतच अर्ज घाला. जुलैत सेतू कार्यालयात रांग लागते तेव्हा चांगल्या चांगल्यांचे प्रवेश एका कागदापायी अडतात. मुलाच्या नावाचं बँक खातं आधारशी जोडलंय का, हे बँकेत जाऊन खात्री करा. महाडीबीटीचे पैसे त्याच खात्यात येतात.

आणि शिष्यवृत्तीचा अर्ज दर वर्षी नूतनीकरण करावा लागतो. दुसऱ्या वर्षी मुलं नेमकं हेच विसरतात. भरलेला फुलस्केप कागद, फीच्या पावत्या आणि अर्जाचा क्रमांक एका फाइलीत घालून ती फाइल घरी आईकडं द्या. बावीस वर्षांत मी पाहिलंय, आईकडं ठेवलेला कागद हरवत नाही.